जड कुलूप सायकलीवर की खुंटीवर?

नवी सायकल घेतली की दुकानदार सोबत बोटाएवढ्या जाडीचं केबलचं कुलूप देतो. मग सायकल चालवणारं कुणीतरी सांगतं, ‘याचा काही उपयोग नाही, यू-लॉक घे.’ इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा पोलादी दांडा आणि त्याची टोकं अडकवणारी आडवी नळी, असं ते कुलूप हातात घेतल्यावर मात्र प्रश्न पडतोच, की हे लोखंड रोज कोण वाहणार? पुण्यात सायकल वापरणाऱ्या बहुतेकांना दोन कुलपं लागतात, एक जड आणि एक हलकं. त्यातलं जड फारसं हिंडवावं लागत नाही. कुठलं कुलूप कुठे राहील, हे ठरवायचा क्रम खाली दिला आहे.

आधी वजन करून बघा

स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुलूप ठेवा. दुकानातलं केबलचं कुलूप साधारण २०० ते ४०० ग्रॅम भरतं. मध्यम यू-लॉक एक ते दीड किलोच्या आसपास असतं. दहा मिलिमीटर कडीची मीटरभर साखळी कुलपासकट अडीच किलोच्या पुढे जाते.

आता हे ओझं पायाला किती जाणवतं ते पाहू. सिंहगडाचा डांबरी रस्ता पायथ्यापासून वरच्या गाडीतळापर्यंत ढोबळ मानाने ६०० मीटर उंची चढतो. दीड किलो तेवढं वर न्यायला सुमारे ८,८०० ज्यूल ऊर्जा लागते. तुम्ही १५० वॅटच्या ताकदीने पेडल मारत असाल, तर त्याचा अर्थ एक मिनिट जास्त. तास-सव्वा तासाच्या चढाला एक मिनिट! कर्वे रस्त्यासारख्या सपाट रस्त्यावर हा फरक अर्ध्या वॅटच्या घरात असतो, म्हणजे नळस्टॉपच्या एका लाल सिग्नलपुढे तो दिसतही नाही. दीड लिटरची पाण्याची बाटली आपण कुरकुर न करता नेतो, तेवढंच हे वजन आहे.

तरी लोक कुलूप घरी ठेवतात. कारण ते लटकवायला जागा नसते, खड्ड्यातून जाताना खडखडतं आणि सॅकमध्ये ठेवलं की पाठीला टोचतं. या तिन्ही तक्रारी सोडवता येतात, त्यावर पुढे येऊच.

एका आठवड्याचा हिशेब लिहा

कागदावर चार रकाने आखा: सायकल कुठे उभी होती, किती मिनिटं, नजरेसमोर होती का, आणि बांधायला पक्कं काही होतं का. सात दिवस प्रामाणिकपणे भरा. शिवाजीनगरचं ऑफिस नऊ तास, मंडई पंचवीस मिनिटं, खडकवासल्याला चहा आणि कणीस पंधरा मिनिटं, घरी पार्किंगमध्ये रात्रभर, असं काहीतरी निघेल.

बहुतेकांच्या कागदावर एक गोष्ट ठळक दिसते. सायकल दिवसाचे बावीस तास उभीच असते, आणि त्यातला मोठा भाग दोनच ठिकाणी जातो, घरी आणि कामाच्या जागी. जड कुलपाची गरज तिथे आहे. ते रोज नेण्या-आणण्यापेक्षा त्या दोन जागी कायमचं ठेवावं आणि सायकलीवर हलकं किंवा मध्यम कुलूप न्यावं.

उरलेल्या थांब्यांसाठी अंदाज असा. सायकल नजरेसमोर आहे आणि दहा-पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे, तर केबल पुरते. सायकल नजरेआड जाणार असेल, मग ती पाच मिनिटं का असेना, यू-लॉक लावा. तुळशीबागेत ‘आलोच’ म्हणून आत गेलेला माणूस किती वेळाने बाहेर येतो, हे पुणेकरांना सांगायला नको. तासन् तास, पण रोज नव्या जागी सायकल उभी राहणार असेल (क्लास, दवाखाना, स्टेशन), तर जड कुलूप सोबतच हवं, तिथे पळवाट नाही. आणि रात्रभर रस्त्यावर? ती सायकल कुठल्याच कुलपाच्या भरवशावर सोडू नका.

रविवारच्या राइडबद्दल एक बारकावा आहे. पाषाणला किंवा पानशेतच्या रस्त्याला जाऊन चहा पिऊन परतायचं असेल, तर यू-लॉक घरी ठेवलेलं बरं. सिंहगडाला मात्र सायकल गाडीतळावरच राहते आणि पुढे पायऱ्या चढून पुणे दरवाज्यातून आत जावं लागतं. तानाजी मालुसऱ्यांची समाधी, कल्याण दरवाजा आणि वर पिठलं-भाकरी म्हटलं की तास-दीड तास सहज जातो. गडावर फिरणार असाल तर कुलूप न्या. गाडीतळाला हात लावून खाली येणार असाल तर नका नेऊ.

कुलूप निवडताना

आधी हे मान्य करायला हवं, की बॅटरीवर चालणारा ग्राइंडर बहुतेक सगळी कुलपं मिनिट-दोन मिनिटांत कापतो. कुलूप चोराला अडवत नाही, ते त्याचा वेळ खातं आणि त्याला आवाज करायला लावतं. तेवढ्याने बहुतेक वेळा काम भागतं, कारण शेजारी दुसरी, केबल लावलेली सायकल असते. (हे वाक्य लिहिताना थोडं अपराधी वाटतं, पण खरं आहे.)

केबल हातात मावणाऱ्या पकडीनेही काही सेकंदांत तुटते. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे ती जाड दिसते, पण आतली तार बारीक तंतूंची असते. म्हणून केबल म्हणजे दाराची कडी समजा. येता-जाता उचलेगिरी करणारा तिच्यामुळे थांबतो, हत्यार घेऊन आलेला थांबत नाही.

आपल्या साध्या सायकलींना मागच्या चाकावर जे नालेच्या आकाराचं कुलूप येतं, ते कमी लेखू नका. ते कायम सायकलीवरच असतं, विसरत नाही आणि चाक फिरू देत नाही. फक्त ते सायकल कशालाच बांधत नाही, त्यामुळे कुणी उचलून टेम्पोत टाकली तर ते काहीच करू शकत नाही. दूधवाल्याच्या थांब्याएवढ्या वेळाला ते उत्तम.

यू-लॉक घेताना दांड्याची जाडी बघा. १२ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका, १४ असेल तर चांगलं. दुसरी बाब म्हणजे दांड्याची दोन्ही टोकं आडव्या नळीत अडकतात की एकच. एकच टोक अडकत असेल, तर एका कापात दांडा पिरगाळून काढता येतो. दोन्ही अडकत असतील तर दोन काप द्यावे लागतात. आतली मोकळी जागा साधारण १० बाय २० सेंटिमीटर असावी. फारच छोटं घेतलं तर मडगार्डवाल्या सायकलीचं चाक आणि फुटपाथच्या कठड्याचा पाइप एकत्र मावत नाहीत. फार मोठं घेतलं तर उरलेल्या पोकळीत पहार किंवा जॅक घालून ते फाकवता येतं. परदेशी कुलपांवर ‘सोल्ड सिक्युअर’ या ब्रिटिश संस्थेची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी श्रेणी छापलेली असते. तुलना करायला ती उपयोगी आहे.

गोल नळीसारखी किल्ली असलेलं जुनं यू-लॉक कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत अशी कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीने उघडतात हे उघडकीला आलं आणि कंपन्यांना ती बदलून द्यावी लागली. चपटी, खाचांची किल्ली बरी.

साखळी घ्यायची तर रविवार पेठेत बोहरी आळीत मीटरवर मिळते. तिथे जाताना खिशात छोटी कानस ठेवा आणि दुकानदाराला विचारून एका कडीवर घासून बघा. कानस चावली आणि चकचकीत ओरखडा उठला, तर ते साधं लोखंड आहे, बोल्ट कटरपुढे टिकणार नाही. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पोलाद कडक केलेलं आहे. हीच परीक्षा कुलपाच्या कडीचीही घ्या. लोक दहा मिलिमीटरच्या साखळीला कपाटाचं सहा मिलिमीटर कडीचं कुलूप लावतात, आणि चोर साखळीकडे बघतसुद्धा नाही.

घरचं कुलूप: इथे वजन विसरा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल बहुधा भिंतीच्या पाइपला बांधलेली दिसते. तो पाइप पीव्हीसीचा असेल तर हॅक्सॉने अर्ध्या मिनिटात कापला जातो, म्हणजे सायकलही जाते आणि वरच्या मजल्यांचं पाणीही. भिंतीत पुरलेली लोखंडी ग्रिल, जिन्याचा वेल्ड केलेला कठडा किंवा कॉलम शोधा.

कॉलमला साखळी लावायची तर मोजून घ्या. २३० बाय ४५० मिलिमीटरच्या कॉलमचा घेर गिलाव्यासकट दीड मीटरच्या आसपास जातो. त्यात सायकलीची फ्रेम आणि मागचं चाक धरलं तर सव्वादोन मीटर साखळी लागते. आठ मिलिमीटरची एवढी साखळी तीन किलोच्या वर आणि दहाची पाच किलोच्या आसपास भरते. ती कुठे न्यायचीच नाही, त्यामुळे खुशाल जाड घ्या. रंग खरवडू नये म्हणून साखळीवर जुनी ट्यूब चढवा. पंक्चरवाल्याकडे टाकाऊ ट्यूब मिळते. हुक ठोकायचा असेल तर कमिटीला विचारून जमिनीच्या काँक्रीटमध्ये किंवा भिंतीत ठोका, कॉलमला भोक पाडू नका.

ऑफिसातही हाच प्रकार करा, फक्त दोन गोष्टी सांभाळा. कुलूप रिकामं लटकत असेल तेव्हा त्यावर नाव आणि ‘वापरात आहे’ असं लिहिलेली पट्टी बांधा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात जाईल. आणि सार्वजनिक कठड्याला कुलूप कायमचं सोडून जाऊ नका. तिथे ते गंजतं, भोकात कुणी काहीही भरतं आणि जागाही अडते.

बांधायची पद्धत

१. आधी खांब तपासा. हाताने हलवून बघा आणि वर मान करून बघा. पाटी नसलेला बुटका खांब असेल तर सायकल कुलपासकट वरून उचलून काढता येते. कोवळं झाड, प्लॅस्टिकचा पाइप आणि तारेचं कुंपण बाद. विजेचा खांब आणि डीपीची पेटी तर पावसाळ्यात आणि एरवीही बाद, लोखंडी खांबात प्रवाह उतरू शकतो.

२. कुणाच्या फाटकाला बांधू नका. ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी पेठांमध्ये गमतीखातर लावलेली नसते, आणि व्हॉल्व्हचं रक्षण कुठलंच यू-लॉक करत नाही.

३. सायकल खांबाला चिकटवून उभी करा. मागचं चाक आणि फ्रेमची नळी दोन्ही यू-लॉकमध्ये घ्या, मग खांब. मागचं चाक का, तर त्यावर गिअरचा संच असतो आणि ते महाग पडतं.

४. यू-लॉक छोटं असेल तर अमेरिकेतला नामवंत सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) सांगत असे ती युक्ती वापरा. सीटखालच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, मागच्या चाकाच्या रिममधून यू-लॉक घालून खांबाला लावा. फ्रेमच्या नळीभोवती कुलूप नसलं तरी फ्रेम सुटत नाही, कारण अडकलेलं चाक त्या त्रिकोणातून बाहेर येऊ शकत नाही. ताणलेली रिम आणि तारेच्या कडांचा टायर कापत बसणं चोरालाही परवडत नाही.

५. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय हाताच्या खटक्याने सुटणारं असेल तर केबल त्यातून ओवून यू-लॉकमध्ये अडकवा. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही चाकांचे क्विक रिलीज काढून एल-कीने आवळायचे दांडे बसवा. सीटच्या क्लॅम्पलाही तसाच बोल्ट लावा. हे एकदाच करायचं काम आहे, आणि त्याने दुसरं कुलूप वाहायची गरज बरीच कमी होते.

६. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. जमिनीवर टेकवून हातोड्याचा घाव नीट बसतो आणि कटरचा एक दांडा रोवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो. किल्लीचं भोक खाली करा, म्हणजे पाणीही आत जात नाही.

७. निघण्यापूर्वी कुलूप ओढून बघा. घाईत दांडा आत बसलेला नसतो आणि किल्ली मात्र फिरलेली असते.

पुढचं चाक तेवढं बांधून जाणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. चाक खांबाला राहतं, बाकी सायकल जाते. दुसरी चूक, लाइट, पंप आणि स्पीडोमीटर तसंच सोडणं. दीड किलोचं कुलूप त्यातल्या कशाचीही राखण करत नाही, त्या वस्तू काढून खिशात घाला.

लक्ष्मी रस्ता, मंडई या भागात बांधायला धड काही सापडतच नाही. तिथे पैसे देऊन लावायचं पार्किंग गाठा आणि तरीही कुलूप लावा. पावती सायकलीच्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवा. गणपतीच्या दिवसांत तुमचा रोजचा खांब मांडवाच्या आत गेलेला असतो, तेव्हा पेठांमध्ये सायकल बांधायचा नाद सोडून ती बाहेरच कुठेतरी ठेवून चालत जावं.

चहाच्या टपरीवर केबलही नसेल तर हेल्मेटचा पट्टा पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून घालून बक्कल लावा आणि गिअर सगळ्यात जडवर ठेवा. पळवणारा पहिल्याच पेडलला अडखळतो आणि तुम्हाला उठायला दोन सेकंद मिळतात. ब्रेक सैल करून ठेवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. उतारावर ती तुमच्याच अंगावर येते.

न्यायचंच तर कुठे लटकवायचं

हँडलला कधीच नाही. साखळी झुलते, वळताना हँडल ओढते आणि एक दिवस पुढच्या चाकात जाते. मग तुम्ही हँडलवरून पुढे. रबरी हुकाच्या दोरीने कॅरिअरला बांधलं तर हुक सुटून मागच्या चाकाच्या तारांत अडकतो.

यू-लॉकसोबत येणारा ब्रॅकेट फ्रेमच्या मोठ्या त्रिकोणात, सीटच्या नळीला बसवा. आतून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर तो घसरत नाही आणि खडखडही थांबते. सिंहगड रस्त्याच्या गतिरोधकांवर दोन-तीन दिवस चालवून स्क्रू पुन्हा आवळा, पहिल्या आठवड्यात ते हमखास सैल पडतात. फ्रेम कार्बनची असेल तर आवळपट्टीचा ब्रॅकेट नको. कॅरिअर असेल तर सगळ्यात सोपं: यू-लॉक आडवं ठेवून दोन नायलॉनच्या बकलपट्ट्यांनी घट्ट बांधा.

सॅकमध्ये ठेवलं आणि पाठीवर पडलात तर दीड किलो पोलाद थेट मणक्यावर येतं. ठेवायचंच असेल तर तळाशी, पाठीपासून दूर, टॉवेलमध्ये गुंडाळून. साखळी कमरेला गुंडाळणारे असतात. गुंडाळा, पण कुलूप बंद करून नाही. पडल्यावर ती चटकन निघाली पाहिजे.

पावसाळा आणि किल्ल्या

जून ते सप्टेंबर हा कुलपांचा वाईट काळ. चिखल भोकात जातो, सुकतो आणि किल्ली अर्ध्यावर अडते. जोर लावला की किल्ली आत तुटते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी गंज सोडवणारा स्प्रे मारून घाण बाहेर काढा, सुकू द्या आणि ग्रॅफाइटची पूड घाला. शिलाई मशीनचं तेलही चालतं, पण ते धूळ धरतं, त्यामुळे पुसायला विसरू नका. खोबरेल तेल नको, थंडीत ते भोकात गोठून बसतं.

दुसरी किल्ली घरी ठेवा, त्याच जुडग्यात नाही. किल्लीवर किंवा सोबतच्या कार्डावर कोरलेला नंबर लिहून ठेवा. बऱ्याच कंपन्या त्यावरून नवी किल्ली देतात.

नंबरच्या कुलपात तीन चकत्या असतील तर हजारच आकडे. एका आकड्याला दोन सेकंद धरले तरी अर्ध्या-पाऊण तासात सगळे संपतात. चार चकत्यांची घ्या, आणि बंद करताना सगळ्या चकत्या फिरवा. बहुतेक जण शेवटची एकच हलवतात, आणि शेजारी उभ्या माणसाने ते दोनदा पाहिलं तर त्याला अजून काय हवं?

कुलूप हरलं तर

सायकल घेतली त्याच दिवशी ती उलटी करा. पेडलच्या दांड्याच्या नळीखाली फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो, त्याचा फोटो काढा. बिल, एका बाजूचा पूर्ण फोटो आणि ओळखीची एखादी खूण (ओरखडा, स्टिकर) यांचेही फोटो काढून सगळं स्वतःलाच ईमेल करा. फ्रेमनंबर नसलेली तक्रार म्हणजे ‘काळ्या रंगाची, गिअरची सायकल’, आणि तशा पोलीस चौकीच्या आवारातच चार उभ्या असतात.

सायकल गेली तर त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात ‘चोरीला गेली’ असंच लिहून द्या. ‘हरवली’ असं नोंदवलं तर ती गुन्ह्याची तक्रार होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि त्यात पाच हजार रुपयांखालच्या मालासाठी वेगळी तरतूद आहे. म्हणून किंमत दाखवणारं बिल सोबत न्या. आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा त्याच दिवशी दुकानदारांना भेटून ते जपून ठेवायला सांगा. कापलेलं कुलूप तिथेच पडलं असेल तर उचलायची घाई करू नका. आधी जागेवर फोटो काढा, मग ते पिशवीत घालून ठाण्यात न्या.